धाकटी होऊ शकते, थोरला नाही: जन्मगाव आणि मोठी खुर्ची

एडिसनकरीण (धागाकर्ती)

गेल्या रविवारी जेवताना घरात जे रामायण झालं ते आधी सांगते, मग प्रश्न विचारते.

थोरला तेरा वर्षांचा. जन्म पुण्यात, माहेरपणाला गेले तेव्हाचा. आठ महिन्यांचा असताना त्याला घेऊन मी इकडे आले. धाकटी दहाची, ती इथेच न्यू जर्सीत झाली. थोरल्याला शाळेत निबंध होता, 'मी राष्ट्राध्यक्ष झालो तर'. वर्गातला एक मुलगा म्हणाला, तू होऊच शकत नाहीस, तू इथे जन्मला नाहीस. बाईंनीही तसंच सांगितलं. चिरंजीवांनी घरी येऊन राज्यघटना उघडली, कलम शोधलं आणि जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. धाकटीने आमटी भुरकत लगेच जाहीर केलं, "मी होईन. दादाला व्हाइट हाउसमध्ये एक खोली देईन." तो ताटावरून उठला.

नवरा म्हणाला, एवढं काय त्यात, डॉक्टर हो. पण मला रात्री झोप येईना, आणि कारण वेगळंच होतं. १९९९ च्या मे महिन्यात मी दहावीच्या निकालाची वाट बघत होते. सोनिया गांधींच्या विदेशी जन्माचा वाद पेटला होता. बाबा टीव्हीसमोर बसून म्हणायचे, "शंभर कोटींच्या देशात यांना इथे जन्मलेला एक माणूस सापडत नाही?" मला ते शंभर टक्के पटायचं. नुसतं पटायचं नाही, वाड्यातल्या मैत्रिणींशी मी त्यावरून कडाकडा भांडलेय. आणि आता माझ्याच पोराला तेच वाक्य कुणीतरी ऐकवलं तर पोटात तुटतंय.

तेव्हा मी चुकत होते की आता चुकतेय? मोठ्या पदासाठी जन्म कुठे झाला ते बघावं की नाही? राजकीय धुळवड नको, मुद्द्याचं बोला.

तर्कट

तेव्हा बरोबर होतात, आता आई झाला आहात. नियम योग्य आहे. तुमचा मुलगा सिनेटर होऊ शकतो, गव्हर्नर होऊ शकतो, परराष्ट्रमंत्री होऊ शकतो. हेन्री किसिंजर जर्मनीत जन्मले, मॅडेलिन ऑलब्राइट प्रागमध्ये, दोघांनी अमेरिकेचं परराष्ट्र खातं चालवलं. बंद आहेत त्या राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोनच खुर्च्या. सैन्याची आणि अण्वस्त्रांची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्याबाबतीत देशाने थोडं जास्त सावध राहिलं तर काय बिघडलं? घराची किल्ली आपण शेजाऱ्याला देतो, तिजोरीची देतो का?

खट्याळ काका

तर्कटराव, तिजोरीची किल्ली घरात जन्मलेल्या पोराला दिल्यावर काय होतं ते आमच्या आळीत येऊन बघा.

तीस वर्षं ओहायो

या कलमाचा इतिहास गमतीशीर आहे. अमेरिकेच्या स्थापनेतले एक नेते जॉन जे यांनी २५ जुलै १७८७ ला वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं, की सेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कुणाकडे जाऊ नये अशी काही तरतूद करा. भीती होती युरोपातल्या राजघराण्यांची. एखादा सरदारपुत्र पैशाच्या थैल्या घेऊन यायचा आणि निवडून येऊन बसायचा. तेव्हाचा काळ बघता ती भीती अगदीच खुळी नव्हती. पण त्यांनी स्वतःपुरती सोय करून ठेवली: घटना स्वीकारताना जो नागरिक असेल तोही चालेल. म्हणून वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावर जन्मलेले अलेक्झांडर हॅमिल्टन पात्र होते. राज्यघटना लिहिणाऱ्यांना आपल्या ओळखीचा परका चालत होता, अनोळखी नको होता.

आणि 'जन्मसिद्ध नागरिक' म्हणजे नेमकं कोण, हे घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या कुणा ना कुणा उमेदवारावरून तमाशा. बॅरी गोल्डवॉटर १९०९ साली ॲरिझोनात जन्मले, तेव्हा ॲरिझोना राज्य नव्हतंच, ते झालं १९१२ ला. जॉर्ज रॉम्नी मेक्सिकोत जन्मले. जॉन मकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात. २००८ मध्ये सिनेटने खास ठराव करून सांगितलं की हे चालतील. टेड क्रूझ कॅनडात, कॅलगरीला जन्मले, आई अमेरिकन होती म्हणून २०१६ ला उभे राहिले. म्हणजे परदेशात जन्मूनही आईबाप अमेरिकन असतील तर मार्ग निघतो. एडिसनकरीण, तुमचा मुलगा जन्मला तेव्हा तुम्ही दोघं भारतीय होतात, गाडी तिथे अडली.

आता उलटं बघा. बराक ओबामा होनोलुलूत जन्मले, ४ ऑगस्ट १९६१. कायद्यात कुठेही खोट नाही. तरी राष्ट्राध्यक्षपदावर बसलेल्या माणसाला २७ एप्रिल २०११ ला आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला. मकेन पनामात जन्मले यावर कुणाची झोप उडाली नाही, ओबामा हवाईत जन्मले यावर काहींचा अजून विश्वास नाही. मी इथे तीस वर्षं राहतोय. कागदावर प्रश्न जन्मगावाचा असतो, रस्त्यावर तो चेहऱ्याचा होतो.

श्वार्झनेगर ऑस्ट्रियाचे. ते २००३ ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, त्याच वर्षी सिनेटर ऑरिन हॅच यांनी वीस वर्षं नागरिक असलेल्यांना राष्ट्राध्यक्षपद खुलं करण्याची घटनादुरुस्ती मांडली होती. पुढे काही झालं नाही.

जुना वार्ताहर

१९९९ चा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी तेव्हा मुंबईत एका दैनिकात नवखा होतो. आम्हाला वेगळं काम नव्हतं, फक्त पवारांच्या घराबाहेर उभं राहायचं.

१५ मे ला शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर या तिघांनी काँग्रेस अध्यक्षांना पत्र दिलं. मागणी अशी की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदं इथे जन्मलेल्या भारतीयांनाच मिळतील अशी घटनादुरुस्ती पक्षाने करावी. सोनियांनी राजीनामा दिला, मग मनधरणी झाली, तिघांची सहा वर्षांसाठी हकालपट्टी झाली, सोनिया परत आल्या. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. (जन्मस्थळाच्या वादातून जन्मलेला पक्ष. वाक्य तेव्हाच सुचलं होतं, उपसंपादकाने कापलं.)

आता पुढचं. सप्टेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या. ऑक्टोबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. पत्र ते संयुक्त सरकार, जेमतेम पाच महिने. २००४ ला पवार केंद्रात कृषिमंत्री झाले, त्या आघाडीच्या अध्यक्षा सोनिया गांधीच. त्याच मे महिन्यात सुषमा स्वराज म्हणाल्या होत्या की सोनिया पंतप्रधान झाल्या तर मुंडण करीन, जमिनीवर झोपेन. १८ मे ला सोनियांनीच पद नाकारलं.

मी कुणाला ढोंगी म्हणत नाही, राजकारणात माणसं वेळेनुसार बोलतात. पण दहावीतल्या एका मुलीने तो मुद्दा जेवढा मनापासून घेतला होता, तेवढा तो मांडणाऱ्यांनीही घेतला नव्हता, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

एडिसनकरीण

मैत्रीण अजून बोलत नाही हो माझ्याशी. पाच महिने थांबले असते तर!

लातूरचा वकील

कायद्याचं बघू. भारतीय राज्यघटनेत जन्मस्थळाची अट कुठल्याच पदाला नाही. राष्ट्रपतीसाठी कलम ५८: भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून यायला पात्र. खासदारासाठी कलम ८४: नागरिक. पंतप्रधान व्हायला खासदार असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं, बास. जन्माने झालेला नागरिक, नोंदणीने झालेला, बाहेरून येऊन रीतसर दीक्षा घेतलेला, सगळे एका पंगतीत.

कडक कलम वेगळं आहे. घटनेचं कलम ९, आणि पुढे नागरिकत्व कायद्याचंही कलम ९: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं गेलं. घटनेचं कलम १०२: परक्या देशाशी निष्ठा कबूल केली असेल तर खासदारकी रद्द. म्हणजे आपली घटना विचारते, 'आज तू कुणाचा?' अमेरिकेची विचारते, 'तू जन्मलास कुठे?' मला आपला प्रश्न जास्त शहाणपणाचा वाटतो. आजचं उत्तर बदलणं माणसाच्या हातात असतं, जन्माचं नसतं.

सोनिया गांधींचं लग्न १९६८ चं, नागरिकत्व नोंदणीने १९८३ ला. त्यावरच्या निवडणूक याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २००१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की नागरिकत्वाचा मुद्दा निवडणूक याचिकेत घेता येतो, पण तुमची मांडणी मोघम आहे. याचिका टिकल्या नाहीत. वाजपेयी सरकारने नेमलेल्या व्यंकटचलय्या आयोगापुढेही हा विषय आला होता. संगमा त्या आयोगात होते. आयोगाने शिफारस केली नाही, राजकीय पक्षांनी चर्चा करून ठरवावं असं म्हणून बाजूला ठेवला.

आणि इथे जन्मलेलेच हवेत म्हणाल तर 'इथे' म्हणजे कुठे ते आधी सांगा. गुजराल झेलमचे. मनमोहन सिंग गाह गावचे. अडवाणी कराचीचे. तिन्ही गावं आज पाकिस्तानात. पलीकडे झिया जालंधरचे आणि मुशर्रफ दिल्लीचे. २००१ च्या आग्रा परिषदेत दिल्लीत जन्मलेला पाकिस्तानचा अध्यक्ष आणि कराचीत जन्मलेला भारताचा गृहमंत्री समोरासमोर बसले होते. जन्मदाखले अदलाबदल केले असते तर दोघांची सोय झाली असती.

तर्कट

वकीलसाहेब, हा युक्तिवाद चतुर आहे पण सोयीचा आहे. फाळणीपूर्वीचा भारत एकच होता, त्यांना कुणी परकं म्हटलेलंच नाही. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यातला भारत धरला की प्रश्न मिटला. सोनियांचा मुद्दा पूर्ण निराळा होता.

म्हापशेकर

प्रश्न मिटला? मग आमका खंय घालतलात?

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. १९३५ च्या कायद्यातल्या भारतात गोवा नव्हता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगालचं राज्य. मनोहर पर्रीकर म्हापशाला जन्मले १३ डिसेंबर १९५५ ला, म्हणजे पोर्तुगीज मुलखात. सहावा वाढदिवस झाला आणि आठवड्याभरात सैन्य आलं. मग १९६२ मध्ये दिल्लीने हुकूम काढला, की गोवा, दमण, दीवमध्ये जे स्वतः, किंवा ज्यांचे आईबाप, आजी-आजोबा जन्मले, ते २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक समजावेत. कुणाला नको असेल त्याने तसं लेखी द्यावं.

म्हणजे पर्रीकर जन्माने भारतीय नागरिक नव्हते. सहा वर्षांचे असताना एका सरकारी कागदाने झाले. आणि २०१४ ला देशाचे संरक्षणमंत्री. त्या १९९९ च्या पत्रातली घटनादुरुस्ती अक्षरशः झाली असती, तर आयआयटीत शिकलेला, संघात वाढलेला हा माणूस पंतप्रधानपदाला अपात्र ठरला असता, किंवा आमच्यासाठी एक पोटकलम घालावं लागलं असतं. मग सिक्कीमसाठी एक, पुदुच्चेरीसाठी एक. माझी आईही त्याच यादीत. तिला विचारलं तर म्हणते, मी होते तिथेच होते, सरकारं येऊन गेली.

आता उलटी बाजू. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला आहे, अर्ध्या बार्देश तालुक्यासारखा. इथे लोक नवं नागरिकत्व मागायला जात नाहीत, आजोबांच्या जुन्या जन्माची लिस्बनला नोंद करतात. ती नोंद झाली की भारतीयत्वाचं काय, यावरून आमच्याकडे निवडून आलेल्या आमदारांवर तक्रारी झाल्या आहेत. कागद एकाच आजोबांचा. गावात राहिला तर गोंयकार, लिस्बनला पाठवला तर परका.

आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते, बापाचं घर मडगावचं, घरचं नाव बाबूश. पोर्तुगालमध्ये राष्ट्राध्यक्षाला मूळ पोर्तुगीज असण्याची अट आहे, पंतप्रधानाला नाही. बाबूशाला दोन्ही चालतं, जन्म लिस्बनचा.

मालवणी खाजा

कोश्ता आले म्हणजे आमचो लिओ येवकच होयो! लिओ वराडकर, आयर्लंडचे माजी पंतप्रधान, दोनदा झाले. वडील अशोक वराडकर डॉक्टर, गाव वराड, तालुको मालवण. २०१९ च्या डिसेंबरात लिओ गावात येऊन गेले, तेव्हा माझी आत्या तासभर उन्हात उभी होती. तिच्या मते त्यांचं नाक वराडकरांचंच.

तीस वर्षं ओहायो

हा मुद्दा येणार हे माहीत होतं: परदेशात आपला माणूस वर चढला की पेढे वाटायचे आणि आपल्याकडे परका आला की मुंडण. म्हणून सांगतो, ही तुलना चुकीची आहे. वराडकर डब्लिनमध्ये जन्मले, सुनक साउदॅम्प्टनमध्ये, कोश्ता लिस्बनमध्ये, कमला हॅरिस ओकलंडमध्ये, निकी हेली साउथ कॅरोलिनात. हे सगळे धाकटीच्या बाजूचे. ते ज्या देशाचे नेते झाले त्या देशाने त्यांना 'चालवून घेतलं' नाही, ते तिथलेच होते.

खरी तुलना हवी तर श्री ठाणेदार घ्या. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढले, तिशीच्या आत अमेरिकेत आले, १९८८ ला नागरिक झाले. मराठीत आत्मचरित्र लिहिलेला माणूस २०२२ ला मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेला. तिथे अट फक्त सात वर्षं नागरिक असण्याची. सिनेटला नऊ वर्षं. त्याआधी २०१८ ला गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढले, हरले, पण लढू शकले. न्यूयॉर्कचे ममदानीही तसेच: कंपालात जन्म, २०१८ ला नागरिक, २०२५ च्या नोव्हेंबरात महापौर म्हणून निवडून आले. हे थोरल्याच्या बाजूचे. शेवटची पायरी सोडून सगळा जिना यांना मोकळा आहे.

मालवणी खाजा

म्हणजे आत्या उगाच उन्हात उभी राहिली म्हणा.

पण आयर्लंडचं एक राहिलं. एमन द व्हॅलेरा, ज्यांना आयरिश लोक राष्ट्रपुरुष मानतात, ते न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि पुढे आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. आणि ज्या देशात जन्मलं की आपोआप नागरिकत्व मिळायचं, त्याच देशाने २००४ मध्ये जनमत घेऊन ते बंद केलं. आज तिथे पोर झालं तर आईबापांचे कागद बघतात. आपल्याकडेही १ जुलै १९८७ नंतर आईबापांपैकी एक भारतीय असावं लागतं, आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. नुसतं जन्मगाव सांगून भागत नाही आता.

सिडनीवाली

आमच्याकडे जन्मगावाला कुणी विचारत नाही. ज्युलिया गिलार्ड वेल्समध्ये जन्मल्या, २०१० ला पंतप्रधान झाल्या. पण राज्यघटनेचं कलम ४४ आहे ना, ते विंचवासारखं चपलेत बसलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व असेल तर संसदेत बसता येत नाही. २०१७ ला अचानक एकेकाला चावायला लागलं. स्कॉट लडलम, लहानपणी न्यूझीलंडहून आलेले. लॅरिसा वॉटर्स, कॅनडात जन्मलेल्या, अकरा महिन्यांच्या असताना आलेल्या (एडिसनकरीण, जवळपास तुमच्या थोरल्यासारखं). आणि कळस म्हणजे बार्नबी जॉइस, उपपंतप्रधान, ऑस्ट्रेलियात जन्मलेला अस्सल गावरान माणूस. वडील न्यूझीलंडचे, त्यामुळे हा न कळत त्यांच्या देशाचा नागरिक निघाला! ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने पद रद्द केलं. त्याने कागद निस्तरले, पोटनिवडणूक लढवली, डिसेंबरात निवडून येऊन परत आला.

बघा गंमत. जन्म इथला, भाषा इथली, टोपी इथली, आणि अपात्र. मी जन्माने सांगलीची. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारताने माझं काढून घेतलं, तेव्हा मी पासपोर्टवर रद्दचा शिक्का बघून रडले होते. तोच शिक्का या बाबतीत माझ्या बाजूने. हातात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे, नावात 'सिटिझन' आहे, पण त्यावर भारतात मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीनही घेता येत नाही.

खट्याळ काका

जनकपुरी आज नेपाळात आहे. म्हणजे अयोध्येची राणी विदेशी जन्माची होती. ह.घ्या.

तराईतला पाहुणा

काका, हलकं घेण्यासारखं नाही ते, उलट्या दिशेने खरंच घडतंय. मी कामासाठी चार वर्षं बीरगंजला होतो. नेपाळच्या २०१५ च्या घटनेत कलम २८९ आहे: राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, सभापती, अगदी प्रांताचा मुख्यमंत्री, सगळ्यांना वंशाने मिळालेलं नागरिकत्व हवं. आता मधेशात, म्हणजे नेपाळच्या भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, सुना बिहारमधून येतात, पिढ्यान्‌पिढ्या. घर चालवतात, गाव चालवतात, पण लग्नाने नागरिक झालेली बाई मुख्यमंत्री होऊ शकत नाही. मधेशी लोकांच्या रागाचं ते एक मोठं कारण होतं. आपल्याकडे सुनेला घरची म्हणायचं आणि किल्ल्या द्यायच्या नाहीत, तोच प्रकार घटनेत लिहिलाय.

रबि लामिछाने यांचं अजून अजब. अमेरिकन नागरिकत्व घेतलं, सोडलं, पण नेपाळचं परत घ्यायची रीत पूर्ण केली नाही. उपपंतप्रधान आणि गृहमंत्री असताना जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, तुम्ही नागरिकच नाही. दोन दिवसांत कागद काढला आणि एप्रिलात पुन्हा निवडून आले.

लुसाका रिटर्न

आफ्रिकेतलं कुणी लिहिलं नाही म्हणून. झांबियाचे केनेथ कौंडा. १९६४ ला देश स्वतंत्र केला, सत्तावीस वर्षं राष्ट्राध्यक्ष. हरले, पुन्हा उभे राहणार म्हटल्यावर १९९६ मध्ये नव्या सरकारने घटना बदलली: उमेदवाराचे आईबाप दोघंही जन्माने झांबियाचे हवेत. कौंडांचे आईबाप आजच्या मलावीतून आलेले मिशनरी शिक्षक. झालं. १९९९ मध्ये एका न्यायालयाने तर त्यांना कुठल्याच देशाचे नाही असं ठरवलं, ज्यांनी देश घडवला त्यांना! गंमत म्हणजे ज्या नव्या राष्ट्राध्यक्ष चिलुबांनी अट आणली त्यांच्याही बापाच्या जन्मावरून याचिका झाली. कोत द'इव्हारमध्ये (आयव्हरी कोस्ट) असंच करून विरोधी नेते उवातारांना २००० च्या निवडणुकीबाहेर ठेवलं, २००२ ला यादवी पेटली, आणि शेवटी उवाताराच राष्ट्राध्यक्ष झाले.

तर्कट, तत्त्व म्हणून तुमचं म्हणणं ठीक आहे. पण मी पाहिलेलं असं की ही अट सहसा तत्त्वासाठी येत नाही. आधी माणूस ठरतो, मग त्याच्या मापाची अट शिवली जाते.

तर्कट

अमेरिकेची अट २३० वर्षांहून जुनी आहे, ती कुणाच्या मापाने शिवली? बाकी झांबियाचं मान्य. गोव्याचं माझ्या डोक्यात खरंच नव्हतं, तेही मान्य. पण एक सांगा, उद्या एखाद्या देशाने पैसा ओतून आपला माणूस दुसऱ्या देशात पंधरा वर्षं वाढवला, नागरिक केला, निवडून आणला, तर? जॉन जे यांची भीती आज जास्त खरी आहे, कमी नाही. मी वीस वर्षांच्या नागरिकत्वाची अट मान्य करीन. काहीच नको म्हणणं मला पटत नाही.

लातूरचा वकील

वर्षांची अट असेल तर मीही तुमच्या बाजूला येऊन बसतो. वर्षं माणसाला पुरी करता येतात.

एडिसनकरीण

सगळ्यांचे आभार. थोरल्याला निवडक प्रतिसाद वाचून दाखवले. हॅमिल्टनची पळवाट त्याला फार आवडली. पर्रीकरांचं ऐकून म्हणाला, म्हणजे देशच चालत त्यांच्याकडे आला? निबंध त्याने बदलला नाही, फक्त शीर्षकात 'झालो तर'च्या जागी 'होता आलं असतं तर' केलं आणि शेवटी कलम जोडलं. बाईंनी वर्गात वाचायला लावला म्हणे.

आता त्याने नवं काढलंय. वकीलसाहेब, तुम्हालाच विचारते: हा आज अमेरिकन नागरिक आहे. मोठा होऊन भारतात गेला तर तिथे पंतप्रधान होऊ शकतो का?

लातूरचा वकील

होऊ शकतो. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५(१)(च): सज्ञान व्यक्ती, जी स्वतः किंवा जिच्या आईबापांपैकी कुणीतरी पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, ती अर्जाआधी लागोपाठ बारा महिने भारतात राहिली की नोंदणीसाठी अर्ज करू शकते. अमेरिकेचं सोडावं लागेल. मंजूर झालं, मतदार यादीत नाव आलं, वय पंचवीस झालं की लोकसभेला उभं राहायचं. पुढचं जनतेच्या हातात.

फक्त एक गोष्ट नीट वाचा. 'किंवा आईबापांपैकी कुणीतरी.' म्हणजे धाकटीलाही हेच लागू आहे. ती आधी अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष होऊन मग इकडे येऊ शकते. क्रम मात्र तोच ठेवावा लागेल.

एडिसनकरीण

हा प्रतिसाद घरात वाचून दाखवणार नाही.